पनवेल ते जुनं गोवं : सांता मोनिकाचा मठ

आपल्या पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा महामार्ग सुरू होतो. त्याच गोव्यात, जुन्या गोव्याच्या टेकडीवर, सांता मोनिकाचा धर्मभगिनींचा तीन मजली मठ आहे. युरोपात सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठवासाची नियमावली घालून दिली आणि स्त्रियांचेही मठ त्या नियमानं चालू लागले. गोव्यातल्या धर्मभगिनी मात्र संत ऑगस्टीनच्या पंथाच्या. मोनिका ही ऑगस्टीनची आई.

आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी 1606 मध्ये पायाभरणी केली, 1627 मध्ये बांधकाम पुरं झालं. 1636 मध्ये आगीनं मठाची राखरांगोळी केली, पण वर्षभरात तो पुन्हा उभा राहिला. बेबिंका ही गोव्याची मिठाई म्हणे इथल्याच एका नननं पहिल्यांदा केली. आख्यायिकाच ती, पण पदार्थ चवदार असल्यानं कुणी पुरावा मागत नाही!

मठ संपला तो मात्र आगीनं नव्हे, कागदावरच्या हुकमानं. 1834 मध्ये पोर्तुगालनं धार्मिक संघ बरखास्त केले. ननांना बाहेर काढलं नाही, फक्त नव्या मुली घेण्यावर बंदी आली. शेवटची नन 1885 मध्ये वारली. आज तिथं मातेर देई ही धर्मभगिनींची शिक्षणसंस्था आहे, आणि ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही.