चांदमारीची काडतुसे

बंगळूरच्या पूर्वेचे व्हाइटफील्ड हे 1882 साली अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेतीसाठी वसविलेले गाव. आज तेथे संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, आणि नोकरीनिमित्त माझाही मुक्काम तेथेच आहे. सायंकाळी फिरावयास निघालो की बंदोबस्तावरचा एखादा शिपाई खांद्यावर रायफल घेऊन उभा दिसतो. त्या रायफलीने इतरांना धीर येतो. मला मात्र माझीच एक जुनी टिप्पणी आठवते.

दारूगोळ्याचा तुटवडा म्हटले की आपल्यापुढे रणांगण उभे राहते. पोलिसांच्या बाबतीत हा घाव पुष्कळदा आधीच, चांदमारीच्या मैदानावर, बसलेला असतो. साठा थोडा असला की तो प्रसंगासाठी राखून ठेवतात आणि सरावाची काडतुसे प्रथम कापतात. बंदूक खांद्यावर राहते, पण हाताला परकी होते.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. पुढे राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने 2009 मध्ये अहवाल दिला. काडतुसांच्या टंचाईमुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव खंडित झाला होता, हे त्यातून उघड झाले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी घट्ट धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आपण त्यांना वंदन करतो, ते योग्यच. परंतु त्या वंदनाने शस्त्रागार भरत नाही.

वास्तविक काडतुसांचे कारखाने महाराष्ट्राच्या घरचेच आहेत: खडकीचा 1869 पासूनचा, भुसावळजवळच्या वरणगावचा 1964 चा. पण सैन्याची गरज आधी भागवावी लागते, आणि त्यात गैर काही नाही. शिवाय थ्री-नॉट-थ्रीची गोळी दुसऱ्या बनावटीच्या रायफलीत चालत नाही. प्रत्येक शस्त्राची मागणी निराळी, तिची मंजुरीही निराळी. चांदमारीत तर झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत द्यावी लागते. हिशेब चोख असतो; उडालेल्या गोळीने काय शिकविले, याचा रकाना मात्र मी कोठे पाहिला नाही.

तर ती टिप्पणी. सरावाच्या काडतुसांची एक मागणी माझ्या मेजावर आली होती. खर्च अनुत्पादक वाटला. 'पुढील वर्षी विचार व्हावा' असे लिहून मी स्वाक्षरी केली. हे मुंबईच्या त्या रात्रीनंतरचे आहे, हे सांगताना संकोच होतो. पुढील वर्षी माझी बदली झाली.