देवघरातले रोमन नाणे
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



आरती झाली आहे, प्रसाद वाटायचा आहे, आणि मध्ये मी उभा आहे. तेव्हा तुमची अडचण मी ओळखून आहे. समितीने मला माझ्या छंदाविषयी, म्हणजे जुन्या नाण्यांविषयी, बोलायला सांगितले. मी आज एकाच नाण्याविषयी बोलणार आहे. त्या नाण्याच्या बाबतीत आमच्या घराकडून एक चूक झाली, ती तुमच्या घरी होऊ नये एवढ्याचसाठी.

बाबा सरकारी नोकरीत होते. जुन्या मध्य प्रदेशात बदल्या होत होत अखेर रायपूरला स्थिरावले. त्यांच्याकडे पितळेची एक डबी होती. तिच्यात राणीछाप रुपये, दोन-चार तांब्याचे ढब्बू पैसे आणि एक लहानसे, जाडसर चांदीचे नाणे. आई त्याला ‘परक्या राजाचा रुपया’ म्हणायची. लक्ष्मीपूजनाला तो पाटावर मांडला जाई. त्याआधी आई तो चिंच लावून, राखेने घासून लख्ख करी. चाळीस दिवाळ्या तरी हे चालले. राजाचे नाक गेले, मग भोवतीची अक्षरे गेली. चांदी मात्र दरवर्षी चमकत राहिली.

बाबा गेल्यावर मी ते नाणे एका जाणकारांना दाखवले. त्यांनी ते काट्यावर ठेवले, भिंगातून पाहिले आणि म्हणाले, “ये तो रोम का है. टायबेरियस.” मी खुर्चीतच ताठ झालो. पुढचा प्रश्न त्यांनी किमतीचा विचारला नाही. त्यांनी विचारले, “मिला कहाँ?”

मला उत्तर देता आले नाही. बाबांना ते कुणी भेट दिले, बदलीच्या गावी सोनाराकडून घेतले, की मुंबईच्या एखाद्या दुकानातून आणले, हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते. डबीत एक चिठ्ठीही नव्हती.

आता हे नाणे म्हणजे काय ते सांगतो. रोमच्या या चांदीच्या नाण्याला ‘डेनेरियस’ म्हणत. आपल्याकडच्या जुन्या लेखांतला ‘दीनार’ हा शब्द त्यावरूनच आला. गंमत म्हणजे इकडे तो सोन्याच्या नाण्याला चिकटला. टायबेरियसने इ.स. १४ ते ३७ राज्य केले. त्याच्या डेनेरियसवर एका बाजूला त्याचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री असते. त्याच्या आधीच्या ऑगस्टसच्या एका नाण्यावर ढाली-भाल्यांसह उभे असलेले त्याचे दोन दत्तक पुत्र आहेत. भारतात सापडलेल्या रोमन चांदीत या दोनच प्रकारांचा भरणा फार मोठा आहे. कोईमतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात अशा नाण्यांचे साठे मिळाले. नलगोंडा भागातल्या अक्कनपल्लीच्या एकाच साठ्यात ती हजारावर होती. म्हणजे नाणे म्हणून आमचा ‘परका राजा’ काही फार दुर्मिळ नाही.

ही चांदी इकडे आली कशी? पावसाळी वाऱ्यांवर इजिप्तच्या बंदरांतून जहाजे निघत आणि भडोच, मुझिरिस अशा बंदरांना लागत. जाताना मिरी, तलम कापड, रत्ने नेत. हिंदुस्थान दरवर्षी आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी याने नोंदवली. चार सेस्टर्सचा एक डेनेरियस, म्हणजे हिशेब सव्वा कोटी डेनेरियसचा झाला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आपले पैठण आणि तेर यांची नावे येतात. तिथला माल गाड्यांतून भडोचला जाई. त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे की भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी येतात आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यांत नफा होतो.

मग प्रश्न पडतो. एवढा व्यापार आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून होता, तर महाराष्ट्रात रोमन चांदी इतकी कमी का सापडते? तेरला रोमन नाण्यांच्या नकला असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. पण डेनेरियसचे मोठे साठे दक्षिणेत.

याचे एक संभाव्य उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावात आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक, सारी क्षत्रप राजा नहपान याची. नाण्यावर राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरे, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे छाप पुन्हा मारले होते. नहपानाला हरवल्यावर त्याच्याच चेहऱ्यावर आपला शिक्का! बऱ्याच अभ्यासकांचा तर्क असा की भडोचला उतरलेली रोमन चांदी वितळवूनच नहपानाने नाणी पाडली असावीत. तसे असेल तर एकाच चांदीवर तीन राज्यांचा हात फिरला: रोमचा, क्षत्रपांचा आणि सातवाहनांचा.

हे आपल्याला कळले कशामुळे? तो साठा कुठल्या गावचा हे माहीत होते, आणि नाणी बाजारात पांगून जाण्यापूर्वी मोजली-तपासली गेली. हीच तेरा हजार नाणी सुटी सुटी सराफांकडे गेली असती, तर चांदीचा भाव तेवढा हाती आला असता आणि इतिहास मुशीत गेला असता.

आपल्या छत्तीसगढातही बिलासपूरकडच्या चकरबेडा येथे रोमन सोन्याची नाणी मिळालेली आहेत. अशा ठिकाणी रोमन चांदीचे एखादे नाणे नक्की कुठल्या शेतात, कुठल्या नदीकाठी मिळाले हे ठाऊक असेल तर तो मोठा पुरावा ठरतो. आमचे नाणे महानदीच्या काठचे असेल तर? आणि मुंबईच्या दुकानातले असेल तर? दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते सांगू शकणारा माणूस माझ्या घरात, माझ्याच पंगतीला, रोज जेवायला बसत होता.

तरुण मंडळींना हा छंद लावून घ्यायचा असेल तर चार गोष्टी सांगतो. पहिली, नाणे घासू नका. चिंच नको, लिंबू नको, पॉलिश तर मुळीच नको. काळा थर हेच त्याचे चिलखत. दुसरी, रोमन चांदीत नकली माल भरपूर. ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची रेघ दिसते, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, वजन जमत नाही. ऑगस्टसच्या काळी डेनेरियस सुमारे ३.९ ग्रॅमचा, नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास वजन आणि कस दोन्ही कमी केले. तिसरी, जमिनीत सापडलेले धन गुपचूप घेऊ नका, विकू नका. १८७८ च्या निखात-निधी कायद्यानुसार ते कलेक्टरांना कळवावे लागते, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने अशा जुन्या वस्तू खाजगीरीत्या परदेशी नेण्यास बंदी आहे. चौथी, विकत घ्याल तर परवानाधारक व्यापाऱ्याकडून घ्या आणि पावती नाण्याबरोबरच ठेवा.

आपल्या रायपूरला महंत घासीदास संग्रहालय १८७५ पासूनचे. घरातल्या मुलांना एकदा तिथे न्या. मोबाईलवर पाहिलेले नाणे आणि काचेपलीकडचे खरे नाणे यांत फरक असतो.

शेवटी एक विनंती. आपण इथे कुणी भोसल्यांच्या काळात आलो, कुणी रेल्वेबरोबर, कुणी बदलीवर. येताना प्रत्येक घराने एखादी डबी आणली आहे. तिच्यात रोमन नाणे नसेल, पणजीची नथ असेल, शिवराई असेल, आजोबांचा बिल्ला असेल. आज घरी गेल्यावर ती डबी उघडा आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, हे कुठून आले? जे सांगतील ते एका कागदावर लिहा, तारीख घाला, आणि कागद डबीतच ठेवा. काम पाच मिनिटांचे आहे. मी ते चाळीस वर्षे उद्यावर ढकलले.

आमचा टायबेरियस आता देवघरात पाटावर बसतो, पण त्याला कुणी घासत नाही. त्याच्याखाली मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तीवर आईच्या दिवाळीची हकिकत लिहिली आहे, आणि ‘कुठे मिळाले’ या शब्दांपुढची जागा कोरी आहे.

गणपती बाप्पा मोरया!