निवृत्त साथी पडू नये म्हणून
(निवृत्त कर्मचारी मेळाव्यातील शाखा सचिवांचे भाषण)

साथी निवृत्त झाला की आम्ही हार घालतो, नारळ देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला विसरतो. गेल्या पावसाळ्यात, 35 वर्षे रूळ सांभाळलेला आमचा एक गँगमन रात्री उठला आणि न्हाणीघरात घसरला. खुब्याचे हाड मोडले. मेडिकल कार्ड होते, ऑपरेशनही झाले. पण तो अंथरुणाला खिळला तो खिळलाच. त्याला उचलता उचलता वहिनींची कंबर गेली. त्या कार्डासाठी आम्ही भांडलो होतो, ते योग्यच होते. पण भिंतीला एक दांडी आणि मोरीजवळ एक दिवा लावायला आमच्यापैकी कोणी गेले नव्हते. ही चूक आमची आहे.

म्हातारपणी पडणे हे नशीब नव्हे. तोल व पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटते, असे अनेक देशांतील चाचण्यांत दिसले आहे. म्हणून शाखेने ठरवले आहे:

1. दर महिन्याला दोन साथी निवृत्तांच्या घरी जातील. दांडी, दिवा आणि निसरडी फरशी पाहतील.
2. खुर्चीवरून सावकाश उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज करायचा. घरातले कोणीतरी जवळ उभे राहील.
3. सर्व गोळ्या एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवायच्या. रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. मात्र मनाने कोणतीही गोळी बंद करायची नाही.
4. डोळे तपासून घ्यायचे. मोतीबिंदू अंगावर काढायचा नाही.
5. सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी द्यायची. आम्हाला ड्युटीवर रिलीव्हर मिळतो. तिला कोण देतो?

टपाल खात्यातील बांधवांनाही विनंती आहे. 2014 साली डिजिटल हयातीचा दाखला सुरू झाला आणि आता पोस्टमन तो घरी येऊन काढून देतो. दाराशी गेलाच आहात तर एवढे विचारा, "काका, वर्षभरात पडलात का?" उत्तर 'हो' आले तर आमच्या शाखेला कळवा.

रेल्वे दवाखान्यात वृद्धांसाठी वेगळी रांग आणि व्यायाम शिकवणारा तज्ज्ञ हवा, ही मागणी आम्ही प्रशासनापुढे लावून धरू. पण दांडी बसवायला प्रशासनाच्या मंजुरीची गरज नाही. ते काम या रविवारीच सुरू करू.

कामगार एकजुटीचा विजय असो!