शाळेला आलेली 'विदेशी मदत' नेमकी कुणाची?

मी वडशावरून बोलतोय. आज पैशाचा विषय आहे, पण घाबरू नका, हिशेब सोपा आहे.

"शाळेची ही खोली जागतिक बँकेच्या पैशातून झाली" असं लोक सहज बोलतात. ऐकून वाटतं, दूरच्या कुणा साहेबानं दान दिलं, आपण फक्त हात जोडायचे. खरं काय घडलं ते बघू.

१९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. लोकांच्या तोंडी डीपीईपी. स्त्रियांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी असलेल्या जिल्ह्यांवर त्यात भर होता. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रातून बीड, जालना, धुळे यांच्यासोबत आपला गडचिरोलीही आला.

यात १०० रुपयांतले ८५ केंद्राचे, १५ राज्याचे. केंद्राच्या ८५ मागे बाहेरचा पैसा होता, पण तो दोन तऱ्हेचा. शेजारच्या मध्य प्रदेशात काही जिल्ह्यांना युरोपीय समुदायाचं आणि आंध्रात काही जिल्ह्यांना ब्रिटनचं अनुदान होतं. अनुदान परत करायचं नसतं. महाराष्ट्रासाठी मात्र जागतिक बँकेच्या आयडीए या शाखेचं कर्ज होतं. व्याज नाही, पाऊण टक्का सेवा शुल्क, पहिली १० वर्षं मुद्दलाला हात नाही, मुदत ३५ वर्षं. म्हणजे तेव्हा पहिलीत बसलेलं पोर चाळिशी ओलांडेपर्यंत फेड!

फेडणार कोण? केंद्र सरकार. राज्याला तो पैसा अनुदान म्हणूनच मिळाला. आणि केंद्राकडे पैसा येतो कुठून? तुमच्या-माझ्या करातून. साबण घेतला, रिचार्ज मारला, की आपणही थोडं भरतोच.

अजून एक गंमत. बँक आधी पैसे पाठवत नव्हती. आधी सरकारनं खर्च करायचा, मग हिशेब दाखवून बँकेकडून भरपाई घ्यायची. शाळेपर्यंत काय पोचायचं? वर्षाला शाळेला २,००० रुपये आणि शैक्षणिक साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकाला ५००. एवढ्यातसुद्धा कामं व्हायची, म्हणूनच हिशेब महत्त्वाचा.

२०२० मध्ये जागतिक बँकेनं 'स्टार्स' प्रकल्पाला ५० कोटी डॉलर मंजूर केले. सहा राज्यांत महाराष्ट्र होता. तेही कर्जच. एक फरक असा, की ठरलेले परिणाम दाखवले तरच पैसा सुटायचा. आता मला सांगा, परिणाम कागदावर दाखवले आणि पोराला वाचताच येत नसेल, तर? कर्ज फिटेल, पोराचं वर्ष परत येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ही मदत कमी आणि उधारी जास्त आहे, आणि उधारी आपल्या नावावर आहे. मग विचारायला लाजायचं कशाला? शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. आलेला पैसा कसा खर्च झाला यावर लक्ष ठेवणं हे तिचं कायद्यानंच ठरलेलं काम आहे. तुमच्या घरचं कुणी समितीवर असेल, तर पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारायला सांगा: यंदा किती आले, कशावर गेले?

उत्तर काय मिळालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.