ऑपरेशन झाल्यानंतरची बाई



 परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाचा निम्मा वेळ आभारातच जायची आपल्याकडे रीत आहे. ती आज मोडते आणि विषयाकडे वळते. मला एकच गोष्ट मांडायची आहे. बाईच्या लैंगिक आरोग्याची जबाबदारी आपण तिच्या बाळंतपणापासून सुरू करतो आणि नसबंदीपाशी संपवतो. मूल नको असेल तर काय करायचं, हे तिला सांगायला सरकार आहे, भिंतीवरच्या जाहिराती आहेत, घरी येणाऱ्या आशाताई आहेत. पण शरीरसंबंधातून होणारा संसर्ग कसा टाळायचा आणि झालाच तर कुणाला सांगायचं, या प्रश्नाला आपल्या व्यवस्थेत घर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीतले आकडे पाहा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची मदार स्वतःच्या नसबंदीवर आहे. निरोधचा आधार घेणारी जोडपी ९.५ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. बहुतेक बायकांचं ऑपरेशन पंचविशीच्या आसपास उरकतं. टाक्याचं असो की बिनटाक्याचं, त्या ऑपरेशनात बीजवाहिन्या बंद होतात, एवढंच. योनिमार्ग, गर्भाशयाचं तोंड आणि तिथे पोचणारे जंतू होते तसेच राहतात. घरात जो काही निरोध येत असेल तो मात्र त्या दिवसापासून बंद होतो, कारण तो मूल होऊ नये म्हणून होता. पुढची वीस-पंचवीस वर्षं संबंध चालू राहतात आणि संरक्षण शून्य.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी हा विषय अधिक समग्रपणे मांडला गेला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. आपण त्यांना संततिनियमनाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखतो, आणि तेवढ्यावर थांबतो. पण त्यांच्या लेखनात गुप्तरोगांपासून बचाव हा विषय संततिनियमनाच्या बरोबरीने येतो, आणि स्त्रीच्या कामसुखाच्या हक्काबद्दलही ते स्पष्ट लिहितात. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं. पुढे १९५२ साली भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर राबवणारा हा जगातला पहिला देश. पण कर्व्यांच्या विचारातलं आपण जन्मदर मोजायला सोयीचं तेवढं उचललं. लोकसंख्येच्या तक्त्यात बसत नव्हतं ते वगळलं. साठच्या दशकाअखेर आलेला ‘निरोध’देखील पाळणा लांबवायचं साधन म्हणूनच गावोगावी पोचला.

या वगळण्याची किंमत पुण्यात दिसली. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९०० हून अधिक स्त्रियांची तपासणी केली. १९९७ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण हा व्यवसाय न करणाऱ्या स्त्रियांमध्येही ते सुमारे १४ टक्के निघालं. यातल्या बहुसंख्य स्त्रियांचा आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशी, संबंध आलेला होता. या स्त्रिया तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या. त्यामुळे हा आकडा पुण्यातल्या तमाम गृहिणींना लावता येणार नाही, हे खरं. तरीही ‘एकनिष्ठ राहा, सुरक्षित राहा’ हा उपदेश किती तोकडा आहे, ते या एका अभ्यासाने दाखवून दिलं. एकनिष्ठेने संरक्षण मिळायचं तर ती दोन्ही बाजूंनी लागते, आणि दुसऱ्या बाजूची खात्री करून घ्यायचं कुठलंही साधन आपण बाईच्या हाती ठेवलेलं नाही.

एचआयव्ही हा यातला सर्वात भीतिदायक भाग, पण सर्वात मोठा नव्हे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची स्त्रीरोग तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला तो अभ्यास या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम आठ टक्के होत्या. माझ्या मते त्यातली सर्वात बोलकी गोष्ट वेगळीच आहे. जवळपास निम्म्या बायकांची काही तक्रारच नव्हती. काहींना खरोखर त्रास जाणवत नसणार, कारण गर्भाशयमुखाचे कित्येक संसर्ग लक्षणांशिवाय मुरतात. बाकीच्यांना अंगावरून पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं हे बाईच्या जातीला असायचंच असं वाटत असणार. थोडा पांढरा स्राव नैसर्गिक असतो. पाळीच्या मध्यावर तो वाढतो, गरोदरपणातही वाढतो. वास मारणारा, हिरवट-पिवळा, दह्याच्या गुठळ्यांसारखा किंवा खाज आणि जळजळ घेऊन येणारा स्राव मात्र दाखवायला हवा. एवढी दोन-तीन वाक्यंही आपल्या सातवी-आठवीच्या मुलीला कुणी सांगत नाही. मग ती मोठी होऊन साबणाने, डेटॉलने आतून धुवायला लागते. योनिमार्गात आम्लता राखून जंतूंना रोखणारे उपकारक जीवाणू असतात. ते या धुण्याने मरतात आणि त्रास वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे असतं, आतून काहीच लागत नाही.

आता तिने धीर करून दवाखाना गाठला असं धरू. सरकारी व्यवस्थेत लक्षणांवरून द्यायच्या औषधांची रंगीत पाकिटं आहेत. गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी करडं, त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. योनिदाहासाठी हिरवं, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही चांगली सोय आहे. पण करड्या पाकिटाचा नियम असा, की जोडीदारालाही तेच औषध द्यायचं आणि उपचार संपेपर्यंत संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा. बाई एक पाकीट घेऊन घरी जाते. नवरा दवाखान्यात येत नाही, ‘मला काय झालंय?’ असं विचारतो. महिन्याभरात तिला पुन्हा तोच संसर्ग होतो आणि तिच्या नावावर ‘जुनाट तक्रार’ अशी नोंद होते. जुनाट तक्रारीचा शेवट कुठे होतो, ते बीडने दाखवलं. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागे उचल, मुकादम, खाडा झाला की कापला जाणारा पैसा अशी अनेक कारणं आहेत, आणि ती मी कमी लेखत नाही. पण तक्रारींची यादी पाहिली तर पांढरं जाणं आणि पोटात दुखणं त्यात आहेच, आणि त्याला जोडून दाखवलेली कॅन्सरची भीतीही. गोळ्यांनी बरा होणारा आजार वेळेवर आणि दोघांवर उपचार न झाल्याने शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लग्नाच्या बाईने नवऱ्याकडे निरोधचा आग्रह धरणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, त्याने संसार मोडतात. आक्षेप खोटा नाही. ‘आता ऑपरेशन झालंय, मग हे कशाला?’ या नवऱ्याच्या प्रश्नाला बाईकडे आज खरोखर उत्तर नसतं. पण ते उत्तर तिने एकटीने, रात्रीच्या वेळी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत शोधायचं, ही अपेक्षाच चूक आहे. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने आणि पुढे तिथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच उभ्या केलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने काय केलं ते आठवा. वस्तीतल्या बायकांनीच एकमेकींना निरोध वाटले, वापरायला शिकवलं आणि गिऱ्हाइकाला नकार देताना एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. एकीने नकार दिला की गिऱ्हाईक शेजारच्या दारी जातं. सगळ्यांनी दिला की त्याला पर्याय उरत नाही. ज्यांना समाजाने सर्वात दुबळं मानलं त्यांना ही सौदाशक्ती मिळवता आली, आणि मंगळसूत्रवाल्या बाईला ती नाही, कारण ती या बाबतीत नेहमी एकटी असते. तिच्या बाजूने बोलणारं कुणीतरी लागेल. ऑपरेशनच्या वेळी नवरा-बायकोला एकत्र बसवून नर्सबाईने ‘हे मूल थांबवतं, रोग थांबवत नाही’ असं सांगितलं, तर तो अविश्वास राहत नाही. तो दवाखान्याचा नियम होतो. गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी आपण रुळवलीच ना?

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला तितकासा गंभीर वाटत नाही, म्हणून त्यावर कमी बोलते. हे सगळं उघड शिकवलं तर पोरं बिघडतील, असं म्हणत २००७ साली महाराष्ट्रानेही शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला विरोध केला. युनेस्कोने निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला आहे. असं शिक्षण मिळालेली मुलं लवकर संबंध ठेवू लागतात, याला त्यात आधार सापडत नाही. शिक्षण बंद केल्याने मुलांचं कुतूहल बंद झालं नाही. ते मोबाइलवर गेलं, आणि तिथे निरोध कसा वापरायचा हे कुणी दाखवत नाही. पाकीट दाताने फाडू नये, टोकातली हवा चिमटीत दाबून काढावी, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये कारण तेलाने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं, या गोष्टी आरोग्यलेखकाने लिहायच्या नाहीत तर कुणी? बहात्तर तासांत घ्यायची गोळी गर्भ टाळते, संसर्ग नाही, हेही ती गोळी विकणाऱ्या जाहिरातीत येणार नाही. आपल्या पुरवण्यांमधली सल्ला-सदरं मात्र ‘योग्य त्या तज्ज्ञांना भेटा’ एवढं लिहून मोकळी होतात. वाचक बाईला तज्ज्ञ मिळत असता तर तिने टोपणनावाने पत्र कशाला पाठवलं असतं?

तिसरा आक्षेप माझ्या बाजूच्याच मैत्रिणी घेतात, आणि तोच सर्वात वजनदार आहे. ‘स्वतःची काळजी स्वतः घ्या’ म्हणणं म्हणजे व्यवस्थेचं अपयश बाईच्या पदरात टाकणं नव्हे का? नकार देता येत नसेल तिथे निरोधचा सल्ला पोकळ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी आपण नवऱ्याला संबंधासाठी नाही म्हणू शकतो असं सांगितलं. त्याचा दुसरा अर्थ असा, की पाचांतली जवळजवळ एक तसं म्हणू शकत नाही. कायद्यातही सज्ञान पत्नीवरच्या जबरदस्तीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलं आहेच. तेव्हा स्वकाळजी म्हणजे उपदेशाचं पत्रक असा अर्थ असेल तर मीही तिच्या विरोधात आहे. माझ्या मनात आहे ती बाईच्या हातात साधन देणारी स्वकाळजी, आणि त्याचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या चाचण्यांचा अभ्यास झाला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली चाचणी त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, असं त्यात दिसलं. जगाची धोरणं त्या अभ्यासाने बदलली. आणि आपल्याकडे? ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया २०१९-२१च्या त्याच सर्वेक्षणात देशभरात १.९ टक्के. आता या चाचणीसाठी टेबलावर झोपावंही लागत नाही. कापसाच्या बोळ्यासारख्या काडीने बाई स्वतः आडोशाला नमुना घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. पुण्यात तयार होणारी एचपीव्हीची लसही आहे. लाजेपायी डॉक्टरसमोर न झोपणाऱ्या बाईला लाज सोडायला सांगण्यापेक्षा ती काडी आशाताईच्या पिशवीतून तिच्या घरी जाणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

आणि जे बाईच्या हातात देता येत नाही, ते पुरुषाच्या अंगावर टाकायला हवं. करड्या पाकिटाबरोबर नवऱ्याचं दुसरं पाकीट त्याच दिवशी, त्याच्या नावाने, त्याला काय सांगायचं याच्या चिठ्ठीसह निघालं पाहिजे. तो आला नाही तर आरोग्यसेवकाने, म्हणजे पुरुष कर्मचाऱ्याने, त्याला गाठलं पाहिजे. उपकेंद्रात हे पद त्यासाठीच असायला हवं, आज ते डासांच्या अळ्या शोधण्यात संपतं. नसबंदीच्या कार्डावर निरोधचा रकाना हवा, आणि स्त्रियांसाठीचा निरोध, जो संबंधाआधी तिला स्वतः बसवता येतो, तो शहरातल्या मोजक्या दुकानांपुरता न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळायला हवा. यातल्या कार्डाच्या रकान्याला आणि दुसऱ्या पाकिटाला फारसा खर्चही नाही. उद्याच्या चर्चासत्रात ठरावांचा मसुदा यायचा आहे. त्यात हे दोन मुद्दे सर्वात वर यावेत, अशी माझी अध्यक्ष म्हणून विनंती आहे.