श्वानदंश, रेबीज आणि आपला परिसर
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



रुग्णसंख्या व जमाखर्च अहवालात आहेतच. आज आम्ही एकाच रोगाविषयी बोलू इच्छितो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली, रुग्ण पाण्याला भिऊ लागला, की वैद्यकाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. मात्र विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सावकाश सरकतो. त्यात बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात. आपली सारी संधी त्या अवधीत आहे.

ती संधी भीतीपोटी दवडली जाते. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली जुनी लस पोटात दिवसामागून दिवस टोचावी लागे आणि क्वचित तिच्यामुळेच मज्जासंस्थेला अपाय होई. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आजची लस पेशीसंवर्धनाने तयार होते. ती त्वचेच्या थरात अत्यल्प मात्रेत चाव्याच्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. तरीही ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ आजीकडून नातवापर्यंत जशीच्या तशी पोहोचली आहेत, आणि जखमेवर चुना वा मिरची भरण्याची रीतही. वास्तविक साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे हा पहिला उपचार घरीच होऊ शकतो. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत व तिच्याभोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावेच लागते. कारण लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास काही दिवस लागतात. (पिसाळलेल्या गाईचे उकळलेले दूध प्यायल्याने रेबीज होत नाही, हेही येथेच सांगून टाकतो.)

२००३ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील वार्षिक मृत्यूंचा अंदाज वीस हजारांवर होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडील पाहणीत तो ५,७२६ आला. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने सरळ वजाबाकी करू नये. पण लसीने पुष्कळ जीव वाचविले, यात आम्हांस शंका नाही. त्याच अलीकडील पाहणीने प्राण्यांच्या चाव्यांची संख्या मात्र वर्षाला सुमारे ९१ लाख सांगितली आहे. माणसाला लस दिल्याने माणूस वाचतो. रोग कुत्र्यांत राहतो तो राहतोच.

तो तेथेच तोडता येतो, हे आपल्या शेजारच्या गोव्याने दाखविले. राज्य शासन व ‘मिशन रेबीज’ यांनी २०१३ ते २०१९ या काळात राबविलेल्या कार्यक्रमाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पथके मोबाइलवरील नकाशा पाहत वस्तीवस्तीत गेली. भटकी कुत्री जाळ्यात धरून, टोचून, तेथेच सोडली. वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस मिळाली, शाळांतून दीड लाख मुलांपर्यंत माहिती पोहोचली. कुत्र्यांतील मासिक रुग्णसंख्या ९२ टक्क्यांनी घटली आणि कार्यक्रमाच्या अखेरीस माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला.

यामागील गणित सोपे आहे. एक पिसाळलेले कुत्रे सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच रोग देते. दहांपैकी सात सुरक्षित असली की साखळी खुंटते. सर्व कुत्री धरावी लागत नाहीत, मारावी तर मुळीच लागत नाहीत. मारल्याने मोकळी झालेली जागा नवी, लस न टोचलेली कुत्री भरून काढतात. मात्र पिले जन्मत राहतात, म्हणून मोहीम दरवर्षी करावी लागते. गोवा लहान राज्य आहे. तेथील रीत आष्टी तालुक्यात उचलून ठेवता येईल, असे आम्ही म्हणत नाही.

कारण आपली अडचण वेगळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. बैल, लेकरे आणि पुष्कळदा कुत्रेही गाडीबरोबर जाते. फडावरच्या कोपीत, उघड्यावर झोपलेल्या मुलाला चावा होतो. पहिली मात्रा एका गावी मिळते आणि सातव्या दिवशी टोळी दुसऱ्या फडावर असते. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत कागदही हरवतो. एक दिवसाची मजुरी बुडवून बाप मुलाला घेऊन कोठे जाणार? त्याला निष्काळजी म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही.

विश्वस्तांपुढे आमचा प्रस्ताव असा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन टोळ्या निघण्याच्या थोडा आधी येतो. त्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साह्याने वाड्या-वस्त्यांवर, विशेषतः टोळीबरोबर जाणाऱ्या कुत्र्यांना लस टोचावी. प्रत्येक मुकादमाकडे एक साबण आणि चार तारखांच्या रिकाम्या चौकटी असलेले जाड कार्ड द्यावे. कार्ड कोणत्याही सरकारी दवाखान्यात दाखविता येईल, अशा मराठीत छापलेले. लसीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. पहिल्या वर्षी आष्टीकडील गावे घेऊ आणि टोळ्या परतल्यावर किती कार्डे पूर्ण भरून आली, ते मोजून पुढील अहवालात छापू.