पेव आणि चाळ : सागरी प्रवासातल्या ओलाव्याविषयी



साहित्याच्या व्याख्यानमालेत जहाजावरच्या कंटेनरविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. म्हणून सुरुवात एका मराठी क्रियापदापासून करतो. ते क्रियापद म्हणजे 'सादळणे'. पावसाळ्यात डब्याचे झाकण सैल राहिले की पापड सादळतो, चिवडा सादळतो. शेजारी राहणारी हिंदी भाषक मंडळी 'सील गया' म्हणतात. सादळलेला पापड ओला नसतो, त्याला पाणी लागलेले नसते. त्याने हवेतली वाफ गुपचूप पिऊन घेतलेली असते. तोच पापड तव्याजवळ ठेवला तर ती वाफ परत सोडून देतो. हवेशी असा देवाणघेवाणीचा व्यवहार करणारे पदार्थ पुष्कळ आहेत. धान्य, पेंड, कॉफी, हळद, कापूस, ताग, लाकूड, कागद हे सगळे त्यातलेच. त्यांना समुद्रापार कोरडे कसे पोचवायचे, हा आजचा विषय.

विषय आपल्यापासून दूरचा नाही. हबीबगंज स्थानकाला २०२१ मध्ये राणी कमलापती हे नाव मिळाले, पण आपल्या तोंडी अजून हबीबगंजच आहे. तिथून इटारसीकडे निघाले की मिसरोदनंतर मंडीदीप लागते. मंडीदीपला कंटेनर कॉर्पोरेशनचा डेपो आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला, तरी भोपाळचे बंदर म्हणायचे तर तेच. माल तिथे पेटीत भरला जातो, सीमाशुल्क खात्याचे सोपस्कार होतात, दाराला सील लागते. मग ती पेटी न्हावाशेवाला किंवा गुजरातच्या बंदरांकडे निघते. न्हावाशेवाची वाट आपल्या ओळखीची आहे. इटारसी, खंडवा, भुसावळ, मनमाड, इगतपुरी आणि मग घाट. आपली कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने लग्नकार्यांना जात आली. आता त्याच वाटेने तांदूळ आणि सोयापेंडही जाते.

कंटेनर म्हणजे पोलादी पेटी. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. त्यावर माल्कम मॅकलीन यांच्या ५८ पेट्या होत्या. आधुनिक कंटेनर वाहतुकीचा आरंभ तिथून मानतात. चोरी थांबली, हमाली घटली, बंदरात जहाजाचा खोळंबा कमी झाला. पण पूर्वी जहाजाच्या पोटातल्या मालाला हवा देणे-न देणे खलाशांच्या हाती होते. झरोके कधी उघडायचे, कधी मिटायचे, हे ते हवा बघून ठरवत. सीलबंद पेटीत तो माणूसच उरला नाही.

पेटी उघडल्यावर पोती भिजलेली निघाली की पहिला संशय समुद्रावर जातो. छताला भोक असेल, लाट आत आली असेल, असे वाटते. तसे घडतेही. पण पुष्कळदा पेटी शाबूत असते आणि तरी छतावरून थेंब ठिबकलेले असतात. या व्यवसायात त्याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात. हे पाणी येते कुठून, याचा सोपा हिशेब करून पाहू.

वीस फुटी पेटीत आतली जागा साधारण ३३ घनमीटर असते. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरते. म्हणजे पेटी पूर्ण रिकामी असली, तरी तिच्यातल्या हवेत फार तर एक लिटर पाणी. आता त्याच पेटीत १८ टन धान्य भरा. धान्य हाताला कोरडे लागते, तरी त्यात १२ टक्के पाणी असतेच. १८ टनांचे १२ टक्के म्हणजे २,१६० लिटर. हवेत एक लिटर आणि मालात दोन हजारांहून अधिक! म्हणजे पाऊस बाहेरून येत नाही. आपण तो मालाबरोबर पेटीत भरून पाठवतो.

मग तो पडतो कसा? फ्रिजमधल्या गार पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला की बाहेरून घामेजतो. हवा गार पृष्ठभागाला टेकली आणि एका विशिष्ट तापमानाखाली गेली की वाफेचे पाणी होते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. जानेवारीत मंगळूरला कॉफी भरली आणि पेटी युरोपच्या थंडीत शिरली, की छताचे पोलाद झपाट्याने गार होते. मधली पोती मात्र अजून उबदार असतात आणि वाफ सोडत राहतात. ती वाफ वर जाते, गार छताला लागते, थेंब होते आणि वरच्या पोत्यांवर पडते. डेकवर उघड्यावर रचलेल्या पेटीला दिवसा ऊन आणि रात्री गारठा, असा फेरा रोज सोसावा लागतो. म्हणून असा माल डेकखाली ठेवा, असा आग्रह धरतात.

यावर एक तोड म्हणजे हवेशीर कंटेनर. त्याच्या खालच्या आणि वरच्या कडेने लांबलचक झरोक्यांची रांग असते. झरोक्यांची वाट आतून नागमोडी असते. हवा वळून आत जाते, पण पावसाचे किंवा लाटेचे तुषार वाटेतच अडतात. आतली उबदार, दमट हवा वरून निसटते आणि बाहेरची खालून शिरते. पंखा नाही, वीज नाही. कॉफीसाठी या पेट्या इतक्या वापरल्या गेल्या की 'कॉफी कंटेनर' हेच त्यांचे नाव पडले. साध्या पेटीलाही वरच्या बाजूला चार-दोन लहान झडपा असतात. पण त्या दाब सारखा राखण्यापुरत्याच. त्यांच्या भरवशावर माल कोरडा राहत नाही.

कॉफीची एक जुनी हकिकत इथे सांगण्याजोगी आहे. शिडांच्या जहाजांच्या काळी मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला महिनोन्‌महिने लागत. दमट हवेत दाणे फुगत, हिरवे होते ते फिकट पिवळे पडत, आंबटपणा जाई. तिकडच्या गिऱ्हाइकांना तीच चव आवडू लागली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, कॉफी लवकर आणि हिरवीच पोचू लागली, तेव्हा जुनी चव हरवल्याची कुरकुर सुरू झाली. मग पश्चिम किनाऱ्यावर उघड्या बाजूंच्या गोदामांत पावसाळी वारे देऊन दाणे मुद्दाम फुगवण्याची रीत पडली. ती 'मॉन्सून्ड मलबार' आजही विकली जाते. पण त्या दाण्यांना काही आठवडे सतत पसरतात, उलटतात, वारा देतात. बंद पेटीत अवचित ठिबकलेल्या पाण्याने मात्र चव येत नाही, बुरशी येते.

तर मग सगळ्याच पेट्यांना झरोके का ठेवत नाहीत? कारण हवा देणे हा दरवेळी उपाय नसतो. मंडीदीपला जानेवारीत भरलेली सोयापेंड घ्या. रात्री आपल्याकडे पारा दहाच्या आसपास उतरतो, माल गार असतो. पेटी इंडोनेशियाकडे निघाली. तिकडच्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास. आता झरोके उघडे असतील, तर ती दमट हवा आत येऊन गार पोत्यांवरच पाणी सोडेल. छत घामेजण्याऐवजी माल घामेजेल. म्हणजे थंडीकडे जाणाऱ्या उबदार मालाला हवा हवी आणि उष्ण प्रदेशाकडे जाणारा गार माल मिटूनच ठेवावा. खलाशांचा नियम एका वाक्याचा आहे: बाहेरच्या हवेचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तरच झरोके उघडा.

आपल्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. नाशिककडची कांदा चाळ पाहा. जमिनीपासून उचललेला तळ, फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्यांच्या भिंती, बेताची रुंदी. कांद्यात पाणी पुष्कळ, तो श्वास घेतो, ऊब आणि वाफ सोडतो. त्याला कोंडला तर तो सडतो. उन्हाळी कांदा चाळीतच पावसाळा काढतो. आता सांगलीजवळ हरिपूरला चला. तिथे हळद जमिनीखालच्या पेवात ठेवत आले. वरून तोंड बंद, आत वारा नाही. कडक वाळलेली हळद त्यात वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, एवढी आतली हवा कोंडलेली असते. पण २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले.

एकाच भाषेत, एकाच मुलखात हे दोन उलटे उपाय नांदले आणि दोन्ही बरोबर होते. श्वास घेणाऱ्या मालाला चाळ, वाळलेल्या मालाला पेव. हवेशीर कंटेनर म्हणजे समुद्रावरची चाळ. आत जाड कागदाचे अस्तर लावून, ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगून बंद केलेली पेटी म्हणजे समुद्रावरचे पेव. पण पेवाची अट विसरायची नाही. माल आधी वाळलेला हवा. पिशव्या काही लिटर पाणी शोषतील. दोन हजार लिटरपुढे त्यांचे काय चालणार?

आणि इथे प्रश्न पैशाचा होतो. माल बिघडला की भरपाई कोणी द्यायची? १९६३ च्या सागरी विमा कायद्यात, पॉलिसीत वेगळे लिहिलेले नसेल, तर मालाच्या अंगभूत दोषामुळे झालेल्या नुकसानीला विमा कंपनी जबाबदार नसते. मालातल्या पाण्यानेच माल बिघडला, असे ठरले की वाद तिथेच येऊन थांबतो. मग निर्यातदार गिरणीवर कडक होतो, गिरणी अडत्यावर, आणि शेवटी मंडईत शेतकऱ्याच्या ढिगात मॉइश्चर मीटर खुपसला जातो. सोयाबीनच्या सरकारी हमीभाव खरेदीला १२ टक्क्यांची मर्यादा आहे. काढणीच्या वेळी पाऊस झाला की ती पाळणे कठीण होते. शेतकरी ट्रॉली परत घेऊन जातो किंवा पडेल भावाने विकतो. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्के केली. शेतकऱ्याला दिलासा हवाच होता. पण सवलतीने दाण्यातले पाणी आटत नाही. ते कुठेतरी, कोणाच्या तरी खर्चाने वाळवावेच लागते. म्हणून गावोगावी पक्की खळी, ताडपत्री आणि वाळवणी यंत्रे असणे, हे मला कोणत्याही झरोक्यापेक्षा मोलाचे वाटते. कंटेनरमधला पाऊस थांबवायची खरी जागा खळ्यावर आहे.

ही निकड अलीकडे वाढली आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुष्कळ जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली. शिडांच्या जहाजांचीच ती वाट. युरोपचा प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, विषुववृत्त दोनदा ओलांडणे आले, थंडी-उन्हाचे फेरे वाढले. सुएझमार्गे निभावले असते असे धान्य या वाटेवर निभावेलच असे नाही.

शेवटी आपल्या घरातली एक गोष्ट. मंडळाच्या कपाटांतली पुस्तके, आपल्या घरांतले जुने कागद, पत्रे, कुंडल्या हाही सादळणारा मालच आहे. श्रावणात 'जरा हवा लागू दे' म्हणून कपाटे उघडी टाकू नका. त्या दिवसांत बाहेरची हवाच दमट असते, कागद ती पिऊन घेतो. पावसाळा सरू द्या. दसऱ्यानंतर कोरडी हवा सुटली की कपाटे उघडा, पुस्तके सावलीत पसरा, झटका, आणि वाळली की पुन्हा मिटून ठेवा. खलाशांचा नियम इथेही तोच आहे.